तापातली आकडी लांबली तर: ड्राव्हे सिंड्रोमचं निदान पहिल्या वर्षातच कसं करून घ्यावं

तापात आकडी येणारी बाळं खूप असतात आणि त्यातल्या बहुतेकांचं पुढे काहीही बिघडत नाही. त्या गर्दीतच ड्राव्हे सिंड्रोमचं, म्हणजे तान्हेपणी सुरू होणाऱ्या एका गंभीर जनुकीय एपिलेप्सीचं, बाळ हरवतं. 'तापाची फिट आहे, पाच वर्षांनंतर येणार नाही,' हे वाक्य बहुतेक बाळांसाठी खरं असतं, म्हणून ते प्रत्येक आई-बापाला सांगितलं जातं. आम्ही पालक म्हणून निदानाच्या या वाटेने गेलो आहोत. प्रत्येक टप्प्यावर काय विचारायचं, काय मागायचं आणि कुठे अडतं, ते इथे लिहितो आहोत. पहिल्या वर्षात निदान झालं तर चुकीचं औषध टळतं, आणि या आजारात चुकीच्या औषधाने आकड्या वाढतात. घाई करायची ती एवढ्यासाठी.

आजार कळण्यापुरतं थोडं. फ्रान्समधल्या डॉक्टर शार्लोत ड्राव्हे यांनी १९७८ साली तो वेगळा म्हणून नोंदवला. २००१ साली बेल्जियममधल्या संशोधकांना त्याचं मूळ एससीएन१ए या जनुकात सापडलं. हे जनुक मेंदूच्या पेशींवरच्या एका सोडियम चॅनेलचा, म्हणजे सोडियम पेशीत सोडणाऱ्या दाराचा, आराखडा आहे. तो चॅनेल सगळ्यात जास्त लागतो तो इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशींना. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी असली की या आवरणाऱ्या पेशी थकतात आणि मेंदू चटकन पेटतो. सोडियम चॅनेल दाबणारं औषध दिलं तर उरलेला आवरही जातो. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन आणि फेनिटॉइन ही अशी औषधं आहेत, आणि यातली काही आपल्याकडे आकडीवर अगदी सर्रास लिहिली जातात. अमेरिकेतल्या २०१५ सालच्या एका अभ्यासात साधारण १५,७०० जन्मांमागे एक बाळ असं प्रमाण आलं. महाराष्ट्रात वर्षाला पंधरा लाखांहून जास्त जन्म होतात. तोच दर धरला तर दरवर्षी शंभराच्या आसपास बाळं होतात. दुर्मीळ आहे, पण कुठल्याही बालरोगतज्ज्ञाच्या दारात उभंच राहणार नाही इतकं नाही.

आता ओळख कशी पटते ते. साधी तापाची आकडी ६ महिने ते ५ वर्षं या वयात येते, दोन्ही बाजूंना सारखी येते, पंधरा मिनिटांच्या आत (बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांतच) थांबते आणि २४ तासांत पुन्हा येत नाही. ड्राव्हेची पहिली आकडी बहुतेक ३ ते ९ महिन्यांच्या दरम्यान येते. ती लांबते, पुष्कळदा शरीराच्या एकाच बाजूला येते, आणि पुढच्या वेळी बाजू बदलते. एकदा उजवा हात-पाय, महिन्याभराने डावा. ही बदलती बाजू फार महत्त्वाची खूण आहे, कारण मेंदूत एकाच जागी इजा असेल तर आकडी सहसा बाजू बदलत नाही. ताप असतोच असं नाही. असला तरी कधी १०० फॅरनहाइटच्या आसपासच असतो. आणि या वयात बाळ अगदी छान वाढत असतं. मान धरतं, हसतं, पालथं पडतं. वाढ मागे पडताना दिसते ती दुसऱ्या वर्षात, आणि अंगाला बारीक दचके बसणं किंवा नजर हरवणं हे प्रकारही बहुधा तेव्हाच सुरू होतात. ते दिसेपर्यंत थांबलं तर पहिलं वर्ष हातातून गेलेलं असतं.

जपानमधल्या ओकायामा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००८ साली एक गुणपद्धत मांडली. वर्षाच्या आत तापाची आकडी आलेल्या बाळांसाठी ती आहे आणि कागदावर पाच मिनिटांत करता येते. पहिली आकडी ७ महिन्यांच्या आत आली असेल तर २ गुण. एकूण आकड्या ५ किंवा जास्त असतील तर ३. अर्ध्या अंगाची आकडी ३. दहा मिनिटांपेक्षा लांबलेली आकडी ३. गरम पाण्याच्या आंघोळीने आलेली आकडी २. मेंदूच्या एकाच भागातून उठणारी आकडी १, दचक्यासारखी आकडी १. बेरीज ६ किंवा वर गेली तर ड्राव्हेची शंका बळकट धरायची. पाच महिन्यांच्या बाळाला उजव्या अंगाची वीस मिनिटांची एकच आकडी आली, तरी २, ३ आणि ३ मिळून ८ होतात. म्हणजे दुसऱ्या आकडीची वाट पाहायचीही गरज नाही. हे गुण म्हणजे निदान नव्हे, जनुकीय तपासणी मागायला ते पुरेसं कारण आहे. बालरोगतज्ज्ञांसमोर हा कागद ठेवला की बोलणं 'काळजी करू नका' वरून लगेच पुढे सरकतं, हा आमचा अनुभव आहे.

आंघोळीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण ही आपल्या घरातली गोष्ट आहे. तेल लावून मालीश, मग कढत पाणी, मग धुरी आणि कपड्यात घट्ट गुंडाळणं, हा आपल्याकडचा क्रम. ज्या बाळाचा मेंदू अंगाच्या वाढत्या उष्णतेलाच बिचकतो, त्याच्यासाठी यातला प्रत्येक टप्पा तापमान वर नेतो. म्हणून आकडी आली तेव्हा ताप होता का, एवढं विचारून भागत नाही. आंघोळीनंतर किती वेळाने आली, पाणी किती गरम होतं, बाळ गुंडाळलेलं होतं का, हेही आंघोळ घालणाऱ्या बाईंना किंवा आजींना विचारून लिहून ठेवा. दोष कुणाचाच नसतो, पण ती माहिती डॉक्टरांना लागते. शंका आल्या दिवसापासून पाणी कोमट ठेवा. थर्मामीटर असेल तर ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. धुरी आणि शेक बंद करा.

आकडीचा व्हिडिओ ही निदानातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू. एकाने बाळाला कुशीवर वळवायचं, दुसऱ्याने फोन धरायचा. आधी पांघरूण काढा. दोन्ही हात, दोन्ही पाय आणि चेहरा एकाच चौकटीत यायला हवेत. मोठ्याने वेळ बोला: 'आठ वाजून दहा मिनिटं, डावा हात हलतोय, डोळे उजवीकडे.' फोनमध्ये आवाज राहतो आणि नंतर आठवणीवर विसंबावं लागत नाही. आकडी थांबल्यावर बाळ एक हात कमी हलवतंय का, तेही टिपा. अशी कमजोरी काही तास राहू शकते आणि आकडी कुठल्या बाजूची होती ते त्यावरून कळतं. तोंडात चमचा घालणं, कांदा किंवा चप्पल हुंगवणं, हातात किल्ली देणं यात वेळ जातो, आणि चमच्याने इजा होते. आकडी पाच मिनिटांपुढे गेली की औषध द्यायचं, एवढं घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं.

ते औषध म्हणजे मिडॅझोलॅमचा नाकात मारायचा फवारा. पहिल्याच लांबलेल्या आकडीनंतर घरी सोडताना तो लिहून मागा. डोस वजनावर ठरतो आणि तो डॉक्टरच ठरवतात. साधारणपणे किलोमागे ०.२ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ८ किलोच्या बाळाला १.६ मिलिग्रॅम. इथे एक धोका आहे. बाजारात ०.५ मिलिग्रॅमचा फवारा देणारी बाटली मिळते आणि १.२५ मिलिग्रॅमचीही. पहिलीतून ३ फवारे म्हणजे १.५ मिलिग्रॅम. तेच ३ फवारे दुसरीतून दिले तर ३.७५ होतात, आणि बाळाचा श्वास मंदावू शकतो. म्हणून चिठ्ठीवर नुसते फवारे न लिहिता मिलिग्रॅमही लिहून घ्या, दुकानातून बाटली घेताना आकडा वाचा, आणि बाळाचं वजन वाढलं की डोस पुन्हा विचारा. नवी बाटली उघडल्यावर फवारा नीट येईपर्यंत हवेत दाबावी लागते. ते आकडीच्या वेळी करत बसायचं नाही, आधीच करून ठेवायचं. फवारे दोन्ही नाकपुड्यांत वाटून द्यायचे आणि दिल्यावर दवाखान्याकडे निघायचं.

कॅज्युअल्टीत आकडी थांबवायचा ठरलेला क्रम असतो. आधी लोराझेपाम किंवा मिडॅझोलॅम, आणि तरीही थांबली नाही तर पुष्कळ ठिकाणी फेनिटॉइन किंवा फॉस्फेनिटॉइन. ड्राव्हेची शंका असेल तर त्या जागी लेव्हेटिरासिटाम किंवा व्हॅल्प्रोएट देता येईल का, हे विचारायला कचरू नका. ड्युटीवरच्या डॉक्टरांशी रात्री दोन वाजता वाद घालण्यापेक्षा न्यूरॉलॉजिस्टच्या सहीचं एक पानाचं पत्र पिशवीत असलेलं बरं. शंका कोणती, वजन किती, कोणती औषधं चालू आहेत, फवारा किती दिला, पुढे काय द्यावं आणि काय टाळावं, असं सगळं त्यात क्रमाने लिहिलेलं हवं. निदान पक्कं व्हायच्या आधीही असं पत्र मिळतं, फक्त मागावं लागतं.

मेंदूच्या तपासण्यांकडे येऊ. बहुतेक कुटुंबं अडकतात ती इथे. ड्राव्हेच्या पहिल्या वर्षात ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) बहुधा नॉर्मल येतो आणि एमआरआयही नॉर्मल येतो. दोन्ही रिपोर्ट पाहून घर सुटकेचा श्वास टाकतं आणि पुढची तपासणी राहून जाते. खरं तर लांबलेल्या, एका बाजूच्या आकड्या, नीट वाढणारं बाळ आणि नॉर्मल एमआरआय, हे सगळं एकत्र आलं की ड्राव्हेकडेच बोट जातं. ईईजीला नेताना टाळूला तेल घालू नका आणि आदल्या दिवशी डोकं धुऊन घ्या, नाहीतर तारा चिकटत नाहीत आणि पट्टी वाईट निघते. बाळ झोपेत असताना नोंद हवी असते. म्हणून प्रवासात झोपू देऊ नका आणि तिथे पोचल्यावर पाजा. एमआरआय भूल देऊन होतो. त्याआधी आईचं दूध ४ तास आणि वरचं दूध ६ तास बंद ठेवायला सांगतात. सकाळची पहिली वेळ मिळाली तर बाळाचे हाल कमी होतात.

तापात आकडी आलेल्या लहान बाळाचं पाठीतलं पाणी काढतात ते मेंदूज्वर नाही ना, हे पाहायला. ते काढणारच असतील तर त्याच वेळी रक्तातली साखरही मोजायला सांगा. पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या निम्म्याहूनही बरीच कमी निघाली आणि जंतूही सापडले नाहीत, तर ग्लूट-१ नावाच्या वेगळ्या जनुकीय आजाराची शंका येते. त्यावर कीटोजेनिक आहार, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय असा डॉक्टरांच्या देखरेखीखालचा आहार, हाच उपचार आहे. रक्त त्या वेळी घेतलं नाही तर हा आकडा पुन्हा सुई टोचल्याशिवाय मिळत नाही.

जनुकीय तपासणीला रक्त थोडंसंच लागतं, जांभळ्या बुचाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर. अवघड भाग कागदाचा असतो. नुसतं एक जनुक तपासण्यापेक्षा एपिलेप्सीचं जीन पॅनेल (एपिलेप्सीशी संबंधित अनेक जनुकांची एकत्र तपासणी) किंवा एक्झोम (सगळ्या जनुकांच्या प्रथिनं घडवणाऱ्या भागांची तपासणी) घ्यावं, कारण पीसीडीएच१९सारख्या दुसऱ्या जनुकांतही तापात आकड्यांचे झुबके येतात. लॅबला आधीच तीन प्रश्न विचारा. एससीएन१एचा तुकडाच गळाला किंवा दुप्पट झाला असेल तर ते या तपासणीत दिसतं का, की त्यासाठी एमएलपीए ही गळालेले-वाढलेले तुकडे मोजणारी तपासणी वेगळी करावी लागेल? आई-वडिलांची तपासणी याच किमतीत आहे का? कच्ची माहिती आम्हांला मिळेल का आणि पुढे ती पुन्हा तपासून द्याल का? अर्जावर 'फिट्स' एवढाच शब्द लिहिलेला असतो, आणि तपासणी तिथेच फसते. मशीनमधून हजारो बदल बाहेर पडतात, त्यातला कुठला महत्त्वाचा हे लॅब बाळाच्या लक्षणांवरून ठरवते. म्हणून पहिल्या आकडीचं वय, किती मिनिटं, कुठली बाजू, ताप किंवा आंघोळ, वाढ कशी आहे, कुटुंबात कुणाला लहानपणी तापात आकड्या येत होत्या का, हे सगळं अर्जाच्या मागे लिहायला लावा. शेवटच्या प्रश्नासाठी दोन्हीकडच्या आज्यांना विचारा. वडिलांना लहानपणी आकडी आली होती, हे कधी कधी वडिलांनाच माहीत नसतं.

रिपोर्टला काही आठवडे लागतात. तोवर डॉक्टरांनी ड्राव्हे आहे असं धरूनच औषध निवडावं, असा आग्रह धरा. सुरुवातीला बहुधा व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम ही औषधं वापरतात. दोन वर्षांखालच्या बाळाला व्हॅल्प्रोएट देताना एक काळजी घ्यावी लागते. पीओएलजी नावाच्या जनुकात दोष असेल तर या औषधाने यकृत निकामी होऊ शकतं. म्हणून यकृताच्या तपासण्या, लॅक्टेट आणि अमोनिया आधी पाहतात, आणि पॅनेलमध्ये पीओएलजी आहे ना याची खात्री करून घ्यावी. दोन औषधांनी भागलं नाही तर स्टिरिपेंटॉल, फेनफ्लुरामिन, कॅनाबिडिऑल आणि कीटोजेनिक आहार हे पुढचे पर्याय. इथे न मिळणारं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्वतःच्या वापरासाठी परदेशातून मागवायचं असेल तर फॉर्म १२ए भरून १२बीची परवानगी घ्यावी लागते. स्टिरिपेंटॉल सुरू केलं की रक्तात क्लोबाझामचा अंश वाढतो आणि बाळ झोपाळू होतं. त्या वेळी क्लोबाझामचा डोस कमी करायची गरज आहे का, ते विचारा.

रिपोर्ट हातात आला की पहिल्या पानावरचा ठळक शब्द वाचून थांबू नका. बदलाला पाचपैकी एक दर्जा दिलेला असतो: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधल्या दर्जाला डॉक्टर व्हीयूएस म्हणतात आणि सर्वांत जास्त गोंधळ त्यानेच होतो. अशा वेळी आई-वडिलांचं रक्त तपासतात. तो बदल दोघांतही नसेल, म्हणजे बाळात नव्याने झालेला असेल, आणि लक्षणं जुळत असतील, तर तो रोगकारक असल्याची बाजू भक्कम होते. ड्राव्हेच्या दहापैकी साधारण नऊ बाळांत बदल असाच नव्याने झालेला असतो. गरोदरपणात आईने काय खाल्लं, कुठलं ग्रहण पाहिलं, याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही, हे घरातल्या मोठ्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा. सापडलेला बदल ड्राव्हेकडे जाणार की त्याच जनुकातल्या सौम्य आजाराकडे, याचा अंदाज बांधायलाही २०२२ सालापासून एक पद्धत आहे. त्यात बदलाचं स्वरूप आणि पहिल्या आकडीचं वय एकत्र धरतात. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी ड्राव्हे नाही असं होत नाही. काही बदल जनुकाच्या अशा भागात असतात जिथे एक्झोम पोचतच नाही, आणि काही बाळांत एससीएन१ए धडधाकट असतं. लक्षणं जुळत असतील तर निदान डॉक्टरांच्या तपासणीवरही होतं आणि औषधाची निवड बदलत नाही.

लसीबद्दल स्पष्ट लिहायला हवं. आपल्याकडे पेंटाव्हॅलंट लस ६, १० आणि १४ आठवड्यांना असते, आणि ड्राव्हेची पहिली आकडी पुष्कळदा लसीनंतरच्या तापात येते. वय जुळतं, दिवस जुळतो, आणि 'लसीनेच झालं' हे मनात पक्कं बसतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ साली 'लसीमुळे मेंदू बिघडला' असं समजल्या गेलेल्या १४ रुग्णांची जनुकं तपासली, तेव्हा ११ जणांत एससीएन१एचा दोष निघाला. लसीने ताप येतो आणि तापाने आकडी येते. आजार मात्र जन्मापासून तिथेच असतो आणि लस टाळून तो टळत नाही. उलट गोवर झाला तर त्याचा ताप लसीच्या तापापेक्षा कितीतरी भारी पडतो. म्हणून लस घ्यायचीच, पण आशाताईंना किंवा नर्सताईंना आधी कल्पना देऊन, पॅरासिटामॉलचा डोस ठरवून आणि फवारा जवळ ठेवून. पेंटाव्हॅलंटचा ताप एक-दोन दिवसांत येतो. ९ महिन्यांच्या गोवर-रुबेला लसीचा ताप सहसा एका आठवड्यानंतर येतो, तेव्हा घर निर्धास्त झालेलं असतं. कॅलेंडरवर सातव्या ते बाराव्या दिवसांवर खूण करा. त्या दिवसांत क्लोबाझाम थोडं वाढवायचं का, हे आधीच विचारून ठेवा.

बाळाला झोपताना एकटं ठेवू नका. या आजारात झोपेत अचानक मृत्यूचा धोका इतर एपिलेप्सीपेक्षा जास्त असतो, आणि हे डॉक्टर आपणहून सांगतीलच असं नाही. वाढीकडे लक्ष निदानाच्या दिवसापासूनच ठेवायचं. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे लवकर हस्तक्षेपाच्या केंद्रात, फिजिओथेरपी आणि वाचा उपचार सरकारी खर्चाने मिळतात. मुंबईत परळच्या वाडिया बालरुग्णालयात मुलांच्या मेंदूविकारांचा विभाग आहे, आणि केईएम हे राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखालचं एक केंद्र आहे. दूरच्या जिल्ह्यातून येणार असाल तर मूळ रिपोर्ट, एमआरआयची सीडी, व्हिडिओ आणि औषधांच्या तारखांची वही एकाच पिशवीत आणा.

पुढच्या बाळाचा विचार असेल तर जेनेटिक काउन्सेलरला गर्भ राहण्याआधी भेटा. आई-वडिलांच्या रक्तात बदल सापडला नाही तरी धोका शून्य होत नाही. कधी कधी तो बदल आईच्या किंवा वडिलांच्या थोड्याच पेशींत असतो आणि नेहमीच्या तपासणीत सुटतो. वारेच्या पेशींची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत होते आणि गर्भजलाची १६ आठवड्यांच्या सुमारास. दोन्हीसाठी पहिल्या बाळाच्या रिपोर्टातला नेमका बदल अक्षरन् अक्षर लागतो. 'एससीएन१ए पॉझिटिव्ह' एवढ्यावर लॅब गर्भाची तपासणी करू शकत नाही, म्हणून पूर्ण रिपोर्टची प्रत पहिल्या तिमाहीतच त्या डॉक्टरांच्या हातात द्या.